काला पत्थर आणि तो वारा

काला पत्थरचा ट्रेक करून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, थंडी किती होती? मी सांगतो, पहाटे उणे पंधराच्या आसपास, मग समोरचा बापरे म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पण खरं सांगू का, उणे पंधरा हा प्रॉब्लेमच नव्हता. उणे पंधराला चार लेयर घालून चालत राहिलं तर अर्ध्या तासात घाम येतो. वाट लावली ती वाऱ्याने. उणे पंधरा आणि वर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे सत्तावीससारखं लागतं, आणि वारा काही आपल्याला सांगून येत नाही, दगडाच्या आडून बाहेर पडलं की सरळ थोबाडीतच बसते. म्हणून हे सगळं वाऱ्याबद्दलच लिहितोय, बाकी ट्रेकची माहिती कुठेही मिळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेपाळमधल्या खुंबू भागात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर गोरक्षेप म्हणून शेवटचा मुक्काम आहे, ५,१६४ मीटरवर, चार लॉज आणि एक वाळूचं सपाट मैदान एवढंच. त्याच्या डोक्यावर काळपट तपकिरी ढिगारा दिसतो तो काला पत्थर. खरंतर मागे जो पुमोरी आहे, ७,१६१ मीटरचा, त्याच्या धारेवरचा हा एक उंचवटा, त्यामुळे याला शिखर म्हणायचं का यावर खरे गिर्यारोहक नाक मुरडतात. मुरडू देत. उंची काही नकाशांवर ५,५४५ आहे आणि काही ठिकाणी ५,६४४ लिहिलेली असते, शंभर मीटर इकडेतिकडे, पण वर पोचल्यावर त्या शंभर मीटरवरून भांडायला दम कुणाकडे शिल्लक असतो? दोर नाही, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे) नाही, नुसती चाल आहे. फक्त हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजन निम्माच मिळतो, आणि ते दर पावलाला कळतं.

आम्ही गेलो नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मी, माझी मावसबहीण म्हणजे ताई, आणि आमचा शेर्पा गाईड, ज्याला आम्ही दोघंही दाइ म्हणायचो, नेपाळीत दाइ म्हणजे मोठा भाऊ, वयाने माझ्यापेक्षा लहान होता तरी. ताई पन्नाशी ओलांडलेली आहे आणि माझ्यापेक्षा दुप्पट फिट आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी तिला सांभाळत नेलं.

हा सीझन सगळे बेस्ट म्हणतात, आणि आहेच, आभाळ असं निळं की फोटो काढला तर लोकांना फिल्टर लावलाय वाटतं. पण त्या निळ्या आभाळाबरोबर वारा येतो. पावसाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा जोरदार वारा, हिमालयाच्या उत्तरेला, तिबेटकडे सरकलेला असतो, मान्सून परत फिरला की ऑक्टोबरपासून तो पुन्हा दक्षिणेकडे यायला लागतो आणि मग हिवाळाभर या शिखरांच्या डोक्यावरून वाहतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरून पूर्वेकडे पांढरा झेंडा फडकतोय असं जे फोटोत दिसतं ना, तो याच वाऱ्याने उडवलेला बर्फ असतो. दाइ रोज सकाळी लॉजच्या बाहेर येऊन आधी तो झेंडा बघायचा, चहा नंतर. झेंडा आखूड असेल तर खूश. लांब आणि आडवा असेल तर काही न बोलता आत जायचा. दुसरा वारा खोऱ्याचा. दिवसा ऊन तापलं की खालची हवा खोऱ्यातून वर सरकते, त्यामुळे दुपारनंतर खालून वर वाहणारा वारा जवळपास रोजचाच, सकाळी त्या मानाने शांत असतं. म्हणजे दुपारी दोन्ही वारे एकदम कामावर असतात. हे दोन वारे डोक्यात ठेवले की तिथल्या दिवसाचं टाइमटेबल का तसं असतं ते कळतं.

वर चढत जायचा भाग पटकन सांगतो. लुक्ला, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, हेच मुक्काम सगळे करतात. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोज झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीनचार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम पाळला. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी, डॉक्टरला विचारून घेतली, १२५ मिलिग्रॅम सकाळ संध्याकाळ. ती गोळी घेतली की लघवीला सारखं जावं लागतं (उणे दहात रात्री तीनदा स्लीपिंग बॅगची चेन उघडणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा) आणि बोटांना मुंग्या येतात. या मुंग्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

वाऱ्याची रंगीत तालीम झाली दिंगबोचेला. तिथे आरामाच्या दिवशी नांगकार्त्सांग नावाचा कडा चढतात, साधारण ५,०८३ मीटर, चढायचं आणि खाली येऊन झोपायचं, शरीराला सवय व्हावी म्हणून. तिथे वरच्या टप्प्यात पहिल्यांदा असा वारा लागला की ट्रेकिंग पोलवर (चालायच्या काठ्यांवर) जोर देऊन वाकून उभं राहावं लागलं. दाइने तिथेच शिकवलं. झोत येतोय हे आधी ऐकू येतं, मग लागतो. आवाज आला की दोन्ही पोल पुढे रोवायचे, पाय फाकवायचे, मान खाली घालायची, आणि जाईपर्यंत थांबायचं. त्याच्याशी झगडत पाऊल टाकायचं नाही, त्यात नुसता दम जातो. झोत गेला की दहा-बारा पावलं, परत थांबा. ऐकायला सोपं वाटतं, पण आपला स्वभाव असा असतो ना की जरा रेटून जाऊ, पाच पावलं तर आहेत. त्या उंचीवर पाच पावलं रेटली की दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून उभं राहावं लागतं.

कपड्यांचंही तिथेच कळलं. माझ्याकडे दणकट डाऊन जॅकेट, म्हणजे आत पिसं भरलेलं, होतं आणि मला वाटायचं बास, एवढं घातलं की जिंकलो. पण डाऊन ऊब धरून ठेवतं, वारा अडवायचं काम त्याचं नाही, शिवणीशिवणीतून गारवा आत येतो. त्याच्यावरून वारा अडवणारं पातळसं जॅकेट, विंडप्रूफ शेल, चढवलं की तेच जॅकेट दुप्पट गरम वाटतं. आणि चढताना डाऊन घालायचंच नाही, घाम आला की संपलं, थांबल्यावर तोच घाम गोठायला लागतो. निघताना थोडं कुडकुडायलाच पाहिजे. लॉजच्या दारात तुम्ही मस्त उबदार असाल तर एक लेयर जास्त झालाय असं समजा. ताईला हे पटत नव्हतं, ती म्हणाली, "अरे पण मी आत्ताच मरतेय ना थंडीने", मग पंधरा मिनिटांनी तिनेच गळ्याची चेन उघडली. मोज्यांचंही तसंच, लोक दोन जाड जोड कोंबतात, बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. एकच जाड लोकरी जोड आणि बोटं हलवायला जागा.

गोरक्षेपला पोचलो ते सकाळी, लोबुचेहून दोन-तीन तासांची चाल आहे. माझा प्लॅन असा होता की त्याच दुपारी काला पत्थर चढायचं आणि सूर्यास्त वरून बघायचा. का, ते सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. सगळे पहाटे चारला उठून सूर्योदयाला जातात, पण काला पत्थरवरून एव्हरेस्ट दिसतो पूर्वेकडे, म्हणजे सूर्य त्याच्याच मागून येतो. सकाळी तुम्हाला दिसते ती एव्हरेस्टची काळी आकृती आणि डोळ्यात ऊन. सोनेरी लाल होतो तो संध्याकाळी, मावळतीचं ऊन समोरून पडतं तेव्हा. मग लोक सकाळी का जातात? एक म्हणजे तो दुपारचा वारा, दुसरं म्हणजे उतरताना अंधार होतो. आणि तिसरं मला वाटतं नुसती सवय, सूर्योदय म्हटलं की माणूस विचारच करत नाही.

दाइ दुपारी एकला बाहेर गेला, वर बघितलं, आत आला आणि म्हणाला, "आज हावा धेरै छ." म्हणजे आज वारा फार आहे. मी बाहेर जाऊन बघितलं तर खालून काहीच कळत नव्हतं, मैदानात ऊन होतं, दोघं तिघं खुर्च्या टाकून बसले होते. पण वरच्या धारेवर धुळीचे लोट उठत होते, तो बोट करून दाखवत होता. मी जरा कुरकुरलो. ताई म्हणाली, "बाळ्या, तो इथे जन्मलाय." विषय संपला. त्याऐवजी दुपारी बेस कॅम्पला जाऊन आलो, ५,३६४ मीटर. बेस कॅम्पहून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही, हे ऐकून होतो तरी तिथे उभं राहून माना वाकड्या करून शोधलाच. हिमनदी मात्र बघण्यासारखी आहे, अधूनमधून आतून कडाड आवाज येतो, दगड घरंगळतात.

रात्र फार वाईट. प्लायवूडच्या भिंती, हीटर फक्त जेवायच्या खोलीत, तोही याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर आणि आठनंतर विझलेला. पाणी तिथे ८३ अंशांच्या आसपासच उकळतं त्यामुळे उकळता चहा म्हणून हातात येतो तो तसा कोमटच, दोन मिनिटांत गार. गरम पाणी भरलेली बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेतली, तीच सकाळी प्यायला. उशाशी ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीत बर्फाची पापडी. फोन, पॉवरबँक, हेडलॅम्पच्या बॅटऱ्या सगळं बॅगेत पोटाशी घेऊन झोपलो. नळीची पाण्याची पिशवी आणली होती ती मी वर न्यायचीच नाही ठरवलं, पहिल्यांदा नळीच गोठते.

चारला बाहेर गडबड ऐकू आली, बाकीचे ग्रुप निघाले. दाइने आम्हाला उठवलंच नाही. आदल्या रात्री त्याने सांगितलं होतं, साडेपाचला निघू. अंधारात तीन तास गोठून वर जाऊन परत सूर्याची वाट बघत उभं राहायचं कशाला, एव्हरेस्ट आणि त्याच्या शेजारच्या नुप्त्से शिखराची एवढी भिंत ओलांडून ऊन अंगावर यायला तसाही वेळ लागतो. थोडा उजेड असला की पाय कुठे टाकतोय ते दिसतं, आणि वर पोचता पोचता ऊन मिळतं. मला हे इतकं पटलं की आता कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. खोऱ्याचा वारा सुरू व्हायच्या आत खाली यायला हवं, एवढंच बघायचं, त्याला भरपूर वेळ असतो.

वाळूचं मैदान ओलांडलं की लगेच खडा चढ लागतो आणि तो पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट, कारण शरीर गरम झालेलं नसतं. दाइचं मागून सुरूच, बिस्तारै, बिस्तारै, म्हणजे हळू, हळू. एक पाऊल, मागचा गुडघा सरळ करून क्षणभर त्याच्यावर वजन, एक पूर्ण श्वास, मग दुसरं पाऊल. माझा वैताग म्हणजे चष्मा. नाकावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढला की श्वासाची वाफ वर येऊन काच धुरकट, आणि ती वाफ तिथेच गोठते, पुसली तर ओरखडे उठल्यासारखा बर्फाचा थर. बफ खाली केला तर नाक जातंय असं वाटतं. शेवटी बफ फक्त तोंडावर आणि नाक उघडं, दर दहा पावलांना मिटनच्या (बोटं एकत्र राहतात त्या जाड हातमोज्याच्या) पाठीने नाक चोळायचं, असं करत गेलो. बफचा तोंडासमोरचा भाग थोड्या वेळात पत्र्यासारखा कडक.

मधे एक जरा सपाट टप्पा येतो, तिथे बरं वाटलं, पुमोरी गुलाबी व्हायला लागला होता, कारण ऊन आधी त्याला लागतं. चारला गेलेल्यांपैकी काहीजण तिथे उतरताना भेटले, ओठ निळसर, एकजण फक्त मान हलवून पुढे गेला. "वर कसं आहे?" विचारलं तर एक बाई म्हणाल्या, विंडी, व्हेरी विंडी, आणि थांबल्याच नाहीत.

शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांचा. धार जवळ आली तसा आवाज यायला लागला, आधी वाटलं हेलिकॉप्टर आहे. प्रार्थनेच्या पताकांचा आवाज होता तो. आणि धारेवर डोकं वर काढलं तसा पश्चिमेकडून वारा असा आला की मी सरळ खाली बसलो. ताई पुढे होती, तिने पोल रोवले, बरोबर शिकवल्याप्रमाणे. तीनचार झोत असे गेले आणि मग ती मागे वळून ओरडली, काय ते कळलं नाही, हात दाखवत होती.

दगडाच्या आड बसलो. तिने आतले पातळ हातमोजे घालून वरून मिटन घातले होते, पण फोटोसाठी उजवा मिटन काढलेला आणि तेवढ्या वेळात तर्जनी आणि मधलं बोट पांढरं पडलेलं. पांढरं म्हणजे मेणासारखं. दाइने विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही, मुंग्या येतायत थोड्या, पण त्या तर गोळीच्या, रोजच येतात." हीच तर गोची आहे. डायमॉक्सच्या मुंग्या आणि गारठ्याने बधिर होणं याच्यातला फरक तुम्हाला स्वतःला कळत नाही, दोन आठवडे त्या मुंग्यांची सवय झालेली असते. दाइने तिचं बोट दाबून बघितलं, रंग परत येतो का. दुसऱ्या हाताचं बोट दाबलं की पांढरं होऊन लगेच लाल होत होतं. या दोन बोटांना काहीच नाही. त्याने चोळू दिलं नाही, मी चोळायला गेलो तर हात बाजूला केला. गोठत असलेली कातडी चोळली तर आतून जखम होते. स्वतःचं जॅकेट उघडून तिचा हात सरळ काखेत घेतला आणि घड्याळ बघितलं. दहा मिनिटं, म्हणाला. रंग आला तर वर, नाही आला तर इथूनच खाली.

वर म्हणजे किती राहिलं होतं? पताका दिसत होत्या. पाचसात मिनिटं. मी पताकांकडे बघत होतो आणि ताई माझ्याकडे, आणि तिला माझ्या डोक्यात काय चाललंय ते बरोबर कळलं असणार कारण ती म्हणाली, "तू जाऊन ये." मी नाही म्हटलं. फार उदात्त वगैरे काही नाही, एकट्याने त्या वाऱ्यात जायची माझी हिंमतच नव्हती.

सातव्या-आठव्या मिनिटाला ती कळवळली. डोळ्यात पाणी, शिव्या. दाइ हसला, म्हणाला, "राम्रो," म्हणजे छान. दुखतंय म्हणजे रक्त आलं. बोटं काढली तर लालभडक. अजून पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग आत हँडवॉर्मरची पुडी घालून मिटन, आणि मिटनची दोरी मनगटाला, आता काढायचा नाही म्हणून सक्त ताकीद.

मग गेलो वर. शेवटचे दगड अक्षरशः चार पायांवर. माथा म्हणजे एक टोकदार खडक आहे, त्याच्यावर पताका गुंडाळलेल्या, मागच्या बाजूला थेट खोल उतार आणि खाली पुमोरीच्या पायथ्याशी गोठलेलं छोटं तळं. समोर नुप्त्से सगळ्यात मोठा वाटतो, ७,८६१ मीटर असून, कारण तो पुढे आहे, आणि त्याच्या डाव्या खांद्यामागून काळा त्रिकोण तो एव्हरेस्ट. ८,८४८.८६ मीटर, २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची. त्याच्या माथ्यावर झेंडा लांब आणि आडवा. सूर्य नेमका त्याच्या काठावर, त्यामुळे फोटोत नुसता पांढरा गोळा आलाय. फोन दोन फोटोंत बंद पडला, पन्नास टक्के बॅटरी दाखवत होता. फार तर पाच मिनिटं थांबलो असू. बोलता येत नव्हतं, पताकांचा एवढा आवाज की कानाशी ओरडलं तरी ऐकू येईना. ताईने खडकाला हात लावला, मिटनसकट, आणि खाली बोट दाखवलं.

उतरताना वाटलं सुटलो. गोरक्षेपला लसणाचं सूप प्यायलो, सामान बांधलं, आणि त्याच दिवशी खाली फेरिचेकडे निघालो, उंची जितकी लवकर सोडता येईल तितकं बरं म्हणून. आणि तिथे दुपारचा खोऱ्याचा वारा समोरून. थुक्ला ओलांडून फेरिचेच्या रुंद सपाट खोऱ्यात उतरलं की कुठे आडोसाच नाही, तासभर तोंडावर धूळ आणि वारा, पोल घेऊन वाकून चालतोय आणि उतार असून पुढे सरकत नाही. मी तर म्हणेन वरच्यापेक्षा जास्त वारा तिथे खाल्ला, फक्त तो जरा कमी गार होता. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासूनची संस्था, तिथल्या डॉक्टरबाईंना ताईची बोटं दाखवली. त्यांनी दाबून, टोचून बघितलं, फोड नाही, काळं नाही, ठीक आहे म्हणाल्या, पण पुढचे काही महिने ही दोन बोटं थंडीला लवकर कुरकुरणार, जपा.

संध्याकाळी लॉजवर डाळभात आला, शेगडी पेटलेली, खोली चांगली उबदार, आणि ताई उजव्या हातात मिटन तसाच ठेवून डाव्या हाताने चमच्याने जेवत होती. दाइ म्हणाला, "दीदी, अब निकाल सकते हो." ती म्हणाली, "तूच सांगितलंस ना काढायचा नाही म्हणून, मी आता काठमांडूलाच काढणार", आणि अजून भात मागितला.